कासवाचे पिलू किती हाताळावे?

लखनऊ छावणीतील एखाद्या बागेत कासवाचे पिलू आले, की मुलांचे हात त्याकडे धावतात. परंतु भुईवरून उचलले जाणे म्हणजे कासवाच्या लेखी शत्रूच्या तावडीत सापडणेच होय. भयाने ते अंग कवचात ओढून घेते. कित्येकदा शरीरात साठवलेले पाणी मूत्रावाटे गमावून बसते. पिलाचे कवचही अद्याप कोवळेच असते. म्हणून त्याला पाहावे पुष्कळ, उचलावे क्वचित. उचललेच तर दोन्ही हातांनी, आणि मागाहून हात साबणाने धुवावेत. पाठीवर तारे असलेले आपले देशी कासव मात्र घरी पाळणेच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याविरुद्ध आहे. ते वनखात्याच्या स्वाधीन करावे. लखनऊच्याच कुकरैल वनात त्या खात्याचे केंद्र घडियालांबरोबर कासवेही सांभाळते. कासवावरील खरी माया हात आवरण्यातच आहे.