भूमिकाखेळातील सूत्रधार आणि गुपचूप नियमबदल

प्रस्तावना

पालि जातकसंग्रहातील ५४७ कथांपैकी ९१ वी कथा म्हणजे लित्त जातक. ती घडते वाराणसीत, राजा ब्रह्मदत्ताच्या काळी. बोधिसत्त्व त्या जन्मी फाशांचा खेळाडू असतो. त्याच्याबरोबर खेळणारा एक लबाड जिंकत असेपर्यंत खेळतो. हरू लागला की एक फासा तोंडात टाकतो आणि ‘फासा हरवला’ म्हणून डाव मोडतो. हे ओळखून बोधिसत्त्व फाशांना विष लावून ते वाळवतो. पुढच्या डावात लबाड फासा तोंडात घालतो आणि कोसळतो. बोधिसत्त्व त्याला ओकारीचे औषध देऊन वाचवतो आणि पुन्हा असे करू नकोस, असे बजावतो.

येथे लबाडाने आकडा बदललेला नाही. नकोसा आकडा मोजला जाऊ नये, एवढीच त्याने व्यवस्था केली. आजच्या भूमिकाखेळांत सूत्रधार, म्हणजे गेममास्टर, कधीकधी हेच करतो. मात्र स्वतः जिंकण्यासाठी नव्हे, तर इतरांचा खेळ रंगावा म्हणून. मग ही लबाडी ठरते का?

सूत्रधाराचे काम

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. यात प्रत्येक खेळाडू एक पात्र चालवतो. सूत्रधार जगाचे वर्णन करतो, शत्रूंसह उरलेली सर्व पात्रे चालवतो आणि नियम लावतो. हल्ला लागला की नाही, हे २० बाजूंच्या फाशावर ठरते. सूत्रधारापुढे पुठ्ठ्याचा आडपडदा असतो. त्यामागे नकाशे आणि टिपणे असतात, आणि फासेही तेथेच टाकता येतात.

या खेळाच्या २०१४ च्या सूत्रधार-मार्गदर्शिकेने पडद्यामागे निकाल बदलण्याची मुभा दिली आहे. मात्र हे वारंवार करू नये आणि खेळाडूंना कळू देऊ नये, असाही सल्ला तिने दिला आहे.

उदाहरण

फाशावर २० पडल्यास वार विशेष जबर बसतो. त्याची शक्यता १/२०, म्हणजे ५ टक्के. लागोपाठ दोनदा २० पडण्याची शक्यता १/४००, म्हणजे ०.२५ टक्के. शक्यता लहान असली, तरी महिनोन्‌महिने चालणाऱ्या खेळात शेकडो हल्ले होतात. कधीतरी असे दोन वार एखाद्या नवख्या खेळाडूच्या पात्रावर पहिल्याच तासात बसू शकतात.

बदलाच्या बाजूने

शत्रू किती बलवान असावा, हा अंदाज सूत्रधाराचा असतो. तो चुकला, तर शिक्षा खेळाडूला का? शिवाय, मंडळी एकत्र जमतात ती गोष्ट घडवण्यासाठी. एका फाशाने ती संपावी, असे कोणालाच वाटत नसते.

बदलाच्या विरोधात

१. निर्णयांचा अर्थ जातो. एखाद्याने वेळीच माघार घेतली, दुसऱ्याने शेवटचे औषध जपून ठेवले. पात्रे वाचणारच असतील, तर या शहाणपणाला किंमत उरत नाही.

२. नकळत पक्षपात होतो. आवडत्या खेळाडूचे पात्र वाचवावेसे वाटते, दुसऱ्याचे नाही.

३. संशय मागेही जातो. एकदा उघडकीस आले की पूर्वीचे खरे विजयही खोटे वाटू लागतात.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्षाने फासे पुरवावेत आणि ते बदलणाऱ्यास १२ पण दंड करावा, असा नियम आहे. तेथे देखरेख करणारा आणि खेळणारा वेगळे आहेत. भूमिकाखेळात सूत्रधार दोन्ही असतो, म्हणून त्याची जबाबदारी वाढते.

भेद कोठे करावा?

फासा टाकण्यापूर्वी सूत्रधाराला मोठे स्वातंत्र्य असते. तो शत्रूंची संख्या कमी ठेवू शकतो किंवा त्यांना ठार मारण्याऐवजी कैद करायला लावू शकतो. पण फासा टाकणे म्हणजे ‘जे पडेल ते मानू’ असा शब्द देणे. एकच निकाल चालणार असेल, तर फासा टाकूच नये. २०१० च्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ या खेळात तर सूत्रधार फासे टाकतच नाही.

चूक झालीच, तर उघडपणे सांगता येते : “माझा अंदाज चुकला, हा वार आपण धरायचा नाही. चालेल का?”

काही गटांना मात्र हे कळायलाच नको असते. ‘गरज पडली तर बदल, पण आम्हाला सांगू नकोस,’ असे ते आधीच ठरवतात. येथे प्रत्येक बदल गुप्त असला, तरी परवानगी उघड आहे, म्हणून फसवणूक होत नाही. परवानगीच न घेता केलेला बदल, हेतू चांगला असला, तरी खेळाडूंच्या वतीने परस्पर घेतलेला निर्णय ठरतो.

सारांश

सूत्रधाराला नियम वाकवता येतात. तो अधिकार त्याला गटाने दिलेला असतो. म्हणून तो कधी आणि किती वापरायचा, हे पहिल्याच बैठकीत बोलून घ्यावे.

स्वाध्याय

१. लित्त जातकात बोधिसत्त्वानेही फाशांत गुपचूप बदल केला. त्याचे कृत्य लबाडाच्या कृत्याशी कोठे जुळते आणि कोठे वेगळे पडते?

२. लढाई चालू असताना शत्रूची उरलेली ताकद गुपचूप घटवणे, हा फासा पडण्यापूर्वीचा बदल मानावा की नंतरचा? कारणे द्या.