72 तासांची मुदत

सिएटलच्या प्रयोगशाळेतल्या 24 माकडांचा हिशेब 1998 साली ‘जर्नल ऑफ व्हायरॉलॉजी’त छापून आला. एचआयव्हीबद्दल वाचणारे बहुतेक जण तो ओलांडून पुढे जातात, पण थांबावे असे त्यात बरेच आहे. चे-चुंग त्साई आणि सहकाऱ्यांनी या माकडांच्या शिरेत एचआयव्हीचा भाऊबंद, एसआयव्ही, टोचला होता. मग काहींना 24 तासांनी, काहींना 48, तर काहींना 72 तासांनी पीएमपीए नावाचे औषध सुरू केले.

24 तासांनी सुरू करून 28 दिवस औषध दिलेल्या गटात विषाणूने एकाही माकडात मूळ धरले नाही. तेच औषध 10 दिवसांत थांबवले, तर निम्मीच पूर्ण सुरक्षित राहिली. 3 दिवसांत थांबवले, तर एकही नाही. 48 किंवा 72 तासांनी सुरुवात केलेल्यांतही संरक्षण घटले.

हे पीएमपीए म्हणजेच टेनोफोविर. संसर्गाचा धोका उद्भवल्यावर सरकारी दवाखान्यांत जी गोळी देतात, तिच्यात तेच औषध असते; जोडीला लॅमिवुडिन आणि डोल्युटेग्राविर. दिवसाला एक गोळी, 28 दिवस. डॉक्टर या उपचाराला ‘पेप’ म्हणतात. पहिली गोळी शक्यतो 2 तासांत पोटात जावी. 72 तासांनंतर ती सुरू करत नाहीत.

माणसांवर असा प्रयोग करणे अमानुष ठरले असते. म्हणून 1997 साली अमेरिका, फ्रान्स, ब्रिटन आणि इटलीतल्या सुई टोचलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या जुन्या नोंदी तपासल्या गेल्या. झिडोव्हुडिन घेतलेल्यांत संसर्गाची शक्यता सुमारे 81 टक्क्यांनी कमी दिसली. पेप दवाखान्यात रुजले ते त्याच सुमारास, आणि बराच काळ ते दवाखान्यातच राहिले.

त्याला दवाखान्याबाहेर नेण्याची गरज ठळक दिसली ती व्हिक्टोरिया सरोवराकाठी.

युगांडातल्या कासेन्सेरो या मासेमारांच्या धक्क्यावर 1982 साली माणसे झिजून मरू लागली. तो युगांडातल्या एड्सचा पहिला ठळक उद्रेक मानला जातो. पुढे राकाई भागातल्या मच्छीमार वस्त्यांत प्रौढांमधले एचआयव्हीचे प्रमाण सुमारे 40 टक्के आढळले. जवळच्या शेतकरी गावांत ते त्याच्या निम्म्याहूनही कमी होते. याचे खापर अनेकांनी मच्छीमारांच्या चालीरीतींवर फोडले. खरे कारण बाजारात होते. होड्या पुरुषांच्या, मासळी विकणाऱ्या बायका, आणि मासळी वर्षागणिक कमी. केनियाच्या किनाऱ्यावर ‘जाबोया’ नावाची रीत पडली: होडीवाल्याशी शरीरसंबंध ठेवील त्या बाईला मासळी आधी. 2011 च्या सुमारास न्दुरू बीचच्या बायकांनी स्वतःच्या होड्या मिळवून ही साखळी तोडायला घेतली. 2020 मध्ये सरोवराच्या पुराने त्यांच्या वस्तीची वाताहत केली. नैतिकतेची व्याख्याने देणाऱ्यांनी त्या होड्यांचा हिशेब आधी वाचावा.

अशा ठिकाणी दवाखान्याची वेळ आणि धक्क्याची वेळ जुळत नाही. म्हणून केनिया आणि युगांडातल्या 5 ग्रामीण वस्त्यांत पेप लोकांच्या सोयीच्या जागी नेऊन देण्याची योजना राबवली गेली. 2021 साली तिचे निष्कर्ष आले: 124 जण पेपसाठी आले, त्यांत 42 टक्के मासेमारीवर जगणारे. 85 टक्क्यांनी उपचार पुरा केला. जागतिक आरोग्य संघटनेनेही जुलै 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत पेप वस्तीपातळीवर द्यावे, परिचारिका आणि औषधविक्रेत्यांचेही हात त्यासाठी वापरावेत, अशी शिफारस केली.

आपल्याकडे कायदा आहे. 10 सप्टेंबर 2018 पासून लागू असलेला एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध कायदा सांगतो की, दवाखाने आणि कामावर संसर्गाचा मोठा धोका असलेल्या इतर आस्थापनांनी आपल्या कर्मचाऱ्यांना पेप दिलेच पाहिजे. लैंगिक अत्याचार झालेल्या बालकांना तातडीच्या उपचारांत एचआयव्ही प्रतिबंधक औषध मिळावे, हे 2020 च्या पॉक्सो नियमांत आहे. पण नागपुरातल्या भांडेवाडीच्या कचऱ्यात हात घालणारी, कुणाच्याच हजेरीपटावर नसलेली बाई कोणत्या आस्थापनेची? बंदर सोडण्याच्या आदल्या रात्री धोका पत्करलेला ट्रॉलरवरचा खलाशी आठ-दहा दिवसांनी परततो; त्याची मुदत समुद्रातच संपते. हक्क नोकरीला जोडला, की ज्यांना धड नोकरीच नाही ते वाऱ्यावर सुटतात. विदर्भातल्या तळ्यांवरच्या ढिवर-भोई बांधवांवर आफ्रिकेतले आकडे चिकटवण्याची मुळीच गरज नाही. तिथून घ्यायची ती पद्धत: औषध माणसाजवळ न्या आणि त्याला जाब विचारू नका.

तोवर प्रत्येकाने एवढे करावे. सुई टोचली, निरोध फाटला किंवा जबरदस्ती झाली, तर सकाळची वाट पाहू नये. जखम पिळू नये, साबण-पाण्याने धुवावी आणि थेट सरकारी रुग्णालयाचा (नागपुरात मेयो किंवा मेडिकलचा) अपघात विभाग गाठून पेप मागावे. शंका असल्यास 1097 हा राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनचा क्रमांक मोफत आहे.