केसाची केस!

मुलाच्या डोक्यावर अचानक एक गोल टक्कल. कडेला पांढरा कोंडा, मध्ये काळ्या तिळांसारखे ठिपके. माहीत आहे का, ते ठिपके कशाचे? मुळाशी मोडलेल्या केसांचे बुंधे! बुरशी केसाच्या आत शिरते, त्याला पोखरते आणि केस टाळूलगत तुटतो. डॉक्टर म्हणतात टिनिया कॅपिटिस, आजी म्हणते डोक्यातला नायटा.

टार्गेट एज? साधारण ३ ते ७ वर्षं! त्याच उशीवर झोपणारे आई-बाबा बहुधा सुटतात. वयात येताना टाळूवरचा तेलकटपणा वाढतो आणि त्यातली फॅटी अ‍ॅसिड्स बुरशीला मानवत नाहीत. पिंपल्सना वैतागलेल्या टीनएजर्सनो, त्याच तेलाला एकदा थँक्यू म्हणा!

आता चला गारखेड्यात, विभागीय क्रीडा संकुलाच्या बाजूला. पोरांचं क्रिकेट रंगलंय, हेल्मेट एकच. विकेट पडली की घामेजलेलं हेल्मेट थेट पुढच्याच्या डोक्यावर! बुरशीला एवढी लिफ्ट पुरते. टोपी, कंगवा, टॉवेल, उशी, सलूनचं मशीन, सगळीकडून तिचा प्रवास. त्यात आपल्या शहरात नळाला रोज पाणी नाही, म्हणजे अभ्रे धुणंही लांबतं. बुरशीला टोपी घालायचीय? मग आपापलीच टोपी घाला!

मांजरीचं गोंडस पिल्लूही ही भेट देऊ शकतं. त्याच्याकडून येणारी मायक्रोस्पोरम कॅनिस अंधाऱ्या खोलीत वुड्स लॅम्पखाली हिरवी चमकते. एकदम डिस्को! पण भारतात बऱ्याचदा सापडणारी ट्रायकोफायटन व्हायोलॅशियम मुळीच चमकत नाही. प्रयोगशाळेच्या बशीत मात्र मस्त जांभळी वाढते. म्हणून डॉक्टर दोन-चार तुटके केस काढून मायक्रोस्कोपखाली बघतात.

माहीत आहे का? क्षयाचा जंतू सापडला १८८२ मध्ये. त्याच्या ४३ वर्षं आधी, १८३९ मध्ये, शोनलाइन या जर्मन डॉक्टरनं टाळूच्या अशाच एका रोगामागची बुरशी दाखवून दिली होती. माणसाच्या रोगामागे सूक्ष्मजीव असतो, हे सिद्ध करणाऱ्या अगदी पहिल्या उदाहरणांपैकी हे एक!

एक गोष्ट मात्र हसत सांगता येत नाही. गोळी नव्हती तेव्हा केस गाळायला एक्स-रे वापरत. इस्रायलमध्ये १९४८ ते १९६० या काळात हजारो मुलांच्या डोक्यावर असे किरण सोडले. पुढे त्यांच्यात थायरॉइडचा कॅन्सर आणि मेंदूच्या गाठी जास्त आढळल्या. १९९४ मध्ये तिथे भरपाईचा कायदा झाला.

सुटका केली एका बुरशीनंच! पेनिसिलियमच्या एका जातीतून १९३९ मध्ये मिळालेलं ग्रिसिओफुल्विन १९५८ च्या सुमारास पोटातून देता येऊ लागलं. काट्यानं काटा! वर धमाल म्हणजे, हे औषध स्निग्ध खाण्यासोबत जास्त चांगलं शोषलं जातं. तूप लावलेली पोळी किंवा सायीचं दूध चालेल.

आणि मलम? बुरशी केसाच्या आत, मलम बाहेर. कसं जमणार? मेडिकलमधून आणलेलं स्टेरॉइडचं मलम तर आणखी घातक. लाली दबते, बुरशी पसरते. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं १४ स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, ती उगाच नाही. अँटिफंगल शाम्पूनं दुसऱ्यांना होणारी लागण कमी होते, पण बरं करायला गोळ्याच हव्यात, त्याही बहुधा काही आठवडे.

टक्कल करायची गरज नाही, शाळा बुडवायचीही नाही. उपचार सुरू झाले की मूल वर्गात बसू शकतं. पण टाळूवर पिळपिळीत, पुवाची सूज आली तर थांबू नका. व्रण राहिला तर त्या जागी केस परत येत नाहीत.

गारखेडकरांनो, पोराच्या डोक्यात असा चट्टा दिसला तर त्याला 'घाणेरडा' म्हणू नका. घाटी रुग्णालयाच्या त्वचारोग ओपीडीत किंवा जवळच्या स्किनच्या डॉक्टरांकडे न्या, भावंडांचीही डोकी तपासून घ्या आणि गोळ्यांचा कोर्स अर्ध्यात सोडू नका.