थंड लेझर

वेदनेवर वापरला जाणारा कमी शक्तीचा लेझर कातडीवर धरला तर चटका बसत नाही, ऊबही जाणवत नाही. म्हणून त्याला ‘थंड लेझर’ म्हणतात. सुरत शहराला मात्र लेझरची ओळख आहे ती हिऱ्यामुळे. जगातले बहुसंख्य हिरे याच शहरात पैलू पाडून निघतात आणि कच्चा हिरा जिथे पूर्वी पातळ धातूच्या चकतीवर तासन्‌तास कापला जाई, तिथे आता लेझर आला आहे. तो हिरा जाळत आत शिरतो. फिजिओथेरपीतला त्याचा भाऊ बहुधा अर्ध्या वॅटच्याही खालचा.

हा उपचार सापडला तो अपघातानेच. पहिला लेझर 1960 साली अमेरिकेत चालला. बुडापेस्टचे डॉ. एंद्रे मेस्टर 1967 मध्ये लेझरचा कर्करोगाशी काही संबंध आहे का, हे उंदरांवर पाहत होते. यंत्र अशक्त निघाले. कर्करोग झाला नाही; उलट भादरलेल्या जागी केस लवकर उगवले. पुढे त्यांनी तोच प्रकाश न भरणाऱ्या जखमांवर वापरून पाहिला.

साधारण 600 ते 1000 नॅनोमीटर लांबीच्या लहरी, म्हणजे तांबडा आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश, कातडीखाली बऱ्यापैकी उतरतात. पेशीतल्या मायटोकाँड्रियातले एक विकर तो शोषून घेते, पेशीला ऊर्जा वाढून मिळते आणि सूज ओसरायला मदत होते, असा सर्वाधिक मान्य खुलासा आहे. सारी मेख मात्रेत आहे. शंभर मिलिवॅटचा प्रोब एका बिंदूवर चाळीस सेकंद धरला की चार ज्यूल ऊर्जा पोचते. फार कमी दिली तर गुण नाही, आणि फार जास्त दिली तरी परिणाम मावळतो.

सुरतेत मानदुखीला तोटा नाही. घंटीभोवती, म्हणजे हिरे घासायच्या फिरत्या चकतीभोवती, चौघे रत्नकलाकार बसतात. मान खाली, डोळ्याला भिंग. लिंबायत-उधन्यातले खानदेशी कामगार यंत्रमागापाशी पाळीभर उभे, त्यांची तक्रार कंबरेची. दोघांना हे मशीन सारखेच लागू पडेल, असे मात्र नाही. मानदुखीवरच्या 16 चाचण्यांचा आढावा ‘लॅन्सेट’ने 2009 मध्ये छापला, जुनाट दुखण्यात उपचार संपल्यावरही 22 आठवड्यांपर्यंत आराम दिसला. कंबरदुखीचा पुरावा तितका भक्कम नाही. सर्वांत खणखणीत उपयोग वेगळाच आहे: तोंडाच्या व घशाच्या कर्करोगावर किरणोपचार घेताना तोंड सोलवटते, ते टाळणे. तंबाखूच्या देशात याचे मोल मोठे, तरी जाहिराती असतात गुडघेदुखीच्या.

कर्करोगाच्या गाठीवर, गरोदर बाईच्या पोटावर हा प्रोब धरत नाहीत. मशीन लावताना रुग्ण आणि लावणारा, दोघांनीही गॉगल घालायचा असतो. कातडीला न जाणवणारा हा प्रकाश डोळ्याचा पडदा भाजू शकतो.