साक्षीदाराने न उच्चारलेला स्वल्पविराम

साक्षीदार शब्द बोलतो, स्वल्पविराम बोलत नाही. तो घालते साक्षीची शब्दशः नोंद करणारी व्यक्ती. अमेरिकेत कोर्ट रिपोर्टर हा स्वतंत्र पेशा आहे. तिथल्या राष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षेत प्रश्नोत्तरं मिनिटाला 225 शब्दांच्या वेगाने टिपावी लागतात. विरामचिन्हांचा नीट विचार होतो तो बहुधा नंतर, मसुदा तपासताना. गैरसमजही तिथेच आडवे येतात.

सर्वांत चिवट गैरसमज असा, की बोलणारा थांबला तिथे स्वल्पविराम द्यायचा. शाळेत मोठ्याने वाचताना शिकलेला हा नियम साक्षीच्या नोंदीत दगा देतो. घाबरलेला साक्षीदार कर्ता आणि क्रियापदाच्या मधेच अडखळतो, आठवत बसतो, खोकतो. तिथे चिन्ह दिलं की सरळ वाक्याचे तुकडे पडतात. उलट, जिथे स्वल्पविराम हवाच तिथे तो एका दमात बोलून मोकळा होतो. वकील विचारतो, ‘तुम्ही त्याला पाहिलं नाही?’ उत्तर येतं, ‘नाही मी पाहिलं.’ ‘नाही’नंतर स्वल्पविराम दिला तर त्याने पाहिलं, न दिला तर पाहिलं नाही. तसंच ‘हो साहेब तिथे होते’. ‘हो, साहेब, तिथे होते’ असं लिहिलं तर साक्षीदार न्यायाधीशांना उद्देशून बोलतोय. ‘हो, साहेब तिथे होते’ असं लिहिलं तर कुणी साहेब घटनास्थळी हजर होते. म्हणून होकार-नकारानंतर खुलासा आला तर मधे स्वल्पविराम, आणि संबोधनाच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम, हे नियम रिपोर्टर काटेकोर पाळतात. तरीही संदिग्ध उत्तर आलं की वकिलाने तिथल्या तिथे पुढचा प्रश्न विचारून ते स्पष्ट करून घ्यावं, असं मला ठामपणे वाटतं. तो निर्णय एकट्या रिपोर्टरवर सोडणं अन्यायाचं आहे.

‘एवढ्याशा चिन्हाने न्यायालयात काय फरक पडतो?’ असंही म्हटलं जातं. कायद्याचा अर्थ लावताना विरामचिन्हांना दुय्यम मानतात, हे खरं. पण मोहम्मद शब्बीर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1979 सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या 27व्या कलमातल्या ‘साठा’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दापुढे स्वल्पविराम नाही, याकडे बोट दाखवलं. त्यामुळे ‘विक्रीसाठी’ ही अट साठ्यालाही लागू झाली आणि औषध नुसतं जवळ बाळगणं या कलमाखाली गुन्हा ठरेना. त्या कलमातली चिन्हं निदान कायदा करणाऱ्यांची होती. साक्षीतलं चिन्ह मात्र साक्षीदाराचं नसतंच.

अडखळणं दाखवायला तीन टिंबं देण्याची सवयही मोडायला हवी. ती टिंबं मजकूर गाळल्याची खूण आहेत आणि शब्दशः नोंदीत काही गाळायचं नसतं. वाक्य तुटलं किंवा कुणी मधेच तोडलं, तर तिथे अपसारणचिन्ह.

चिन्हांचं स्वातंत्र्य आहे म्हणजे व्याकरणही सुधारावं, असं नाही. साक्षीदार ‘गेलतो’ म्हणाला तर ‘गेलतो’च राहतं.

आपल्या सत्र न्यायालयांत साक्ष सहसा निवेदनाच्या रूपात उतरवतात. प्रश्नोत्तरांच्या रूपात घ्यायची मुभा न्यायाधीशांना असते. म्हणून हे नियम आपल्याला लागू नाहीत, असं समजणं चूक. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 313व्या कलमानुसार साक्ष पूर्ण झाली की ती साक्षीदाराला वाचून दाखवायची असते. वाचणारा स्वल्पविराम पाहूनच वाचतो, आणि चुकीच्या जागी तोडलेलं वाक्य साक्षीदाराच्या कानाला तेव्हाच खटकू शकतं. हे वाचन घाईत उरकू नये ते यासाठी.

आता यंत्र आलं, प्रश्न मिटला, हा सर्वांत ताजा समज. 21 फेब्रुवारी 2023 रोजी महाराष्ट्रातल्या सत्तासंघर्षाच्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने थेट शब्दांकन सुरू केलं. यंत्रालाही ऐकू येतात ते शब्दच. चिन्हं त्याला अंदाजानेच घालावी लागतात. असा मसुदा हाती आला की ध्वनिमुद्रण लावून आधी ‘हो’ आणि ‘नाही’ने सुरू होणारी उत्तरं तपासावीत.