ऑटिझम असलेल्या लेकराला घेऊन दीक्षाभूमीला जाताना

दसरा जवळ आला की वस्तीत नागपूरच्या गाडीसाठी नावे लिहिली जातात. एखाद्या घरातून मात्र एक माणूस दरवर्षी मागे राहतो, आणि बहुधा ती आईच असते. लेकराला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता असते. गर्दीत ते ओरडते, अंग टाकते, हात सोडून पळते. लोक म्हणतात, "लई लाडावून ठेवलंय." मग आई म्हणते, "तुम्ही जा, मी थांबते." हे दरवर्षी असेच व्हायला हवे असे नाही. नीट तयारी केली तर पुष्कळ लेकरांना प्रवास झेपतो.

लेकरू ओरडते का?

ऑटिझम संसर्गाने होत नाही आणि आईबापाच्या चुकीनेही होत नाही. अशा मुलाच्या मेंदूची वाढच वेगळ्या तऱ्हेने होते. आपल्याला साधा वाटणारा हॉर्नचा आवाज, डिझेलचा वास किंवा अनोळखी माणसाचा धक्का त्याला असह्य होऊ शकतो. रोजचा क्रम मोडला आणि पुढे काय होणार ते कळेना, की भीती वाढते. प्रवासात या दोन्ही गोष्टी एकदम येतात. म्हणून ते ओरडणे हा हट्ट नव्हे. तयारीही दोनच गोष्टींची करायची: गोंगाट कमी करणे, आणि पुढे काय होणार ते लेकराला आधी दाखवणे.

दिवस निवडा

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा दिली, ती भूमी विजयादशमीनंतरही तिथेच असते. चैत्यभूमीचेही तसेच, ६ डिसेंबरची गर्दी इतर दिवशी नसते. लेकराला पहिल्यांदा नेताना गर्दीचा दिवस टाळा आणि साध्या दिवशी सकाळी लवकर जा. यात आदर कमी होत नाही.

सराव करा

एकदम नागपूर नको. आधी नुसते बसस्थानकावर जाऊन गाड्या पाहून घरी या. मग जवळच्या गावापर्यंत एसटीने जाऊन परत या. ते जमले की छत्रपती संभाजीनगरला जा. विद्यापीठाच्या मागच्या डोंगरातील बुद्ध लेणी एका दिवसात पाहून परतता येते. पायऱ्या चढाव्या लागतात, पण धावपळ नसते.

चित्रांची ओळ

घर, बसस्थानक, गाडी, पोहोचायचे ठिकाण आणि शेवटी पुन्हा घर, असे फोटो मोबाईलमध्ये ओळीने ठेवा. आठवडाभर आधीपासून रोज त्याच क्रमाने दाखवा. शेवटचा घराचा फोटो विसरू नका. परत यायचे आहे हे कळले की लेकराचा जीव शांत होतो.

गाडीत

गाडी जिथून सुटते तिथूनच बसा. लेकराला खिडकीजवळ बसवा आणि बाहेरच्या बाजूला स्वतः बसा. जयंती-मेळाव्याच्या गाडीत भीमगीते लागतात. लेकराला स्पीकरपासून लांब जागा द्या, कार्यकर्त्याला आधीच सांगून ठेवा. कान झाकणारी टोपी, सवयीची गोधडी किंवा खेळणे आणि ते खाते तोच खाऊ बरोबर घ्या. फिट्सची किंवा इतर औषधे चालू असतील तर ती हातातल्या पिशवीत ठेवा. झोपेचे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

शर्टाच्या आतल्या बाजूला आपला मोबाईल नंबर लिहा. निघताना त्या दिवशीच्या कपड्यांत फोटो काढा. लेकरू हरवले तर लगेच पोलिसांना ११२ वर फोन करा आणि आधी पाण्याच्या व रस्त्याच्या बाजूला शोधा.

बिथरले तर

कान झाकणे, झुलणे, येरझाऱ्या घालणे ही बिथरण्याआधीची लक्षणे असू शकतात. ती दिसताच मोकळ्या जागी न्या. कमी बोला, रागावू नका, मारू नका. भोवतीची माणसे बाजूला करा आणि थांबा. शांत व्हायला वेळ लागतो.

सवलतीची कागदपत्रे

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत ऑटिझम आहे. जिल्हा रुग्णालयात तपासणी करून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. रेल्वेचे नियम वेगळे आहेत. बौद्धिक अक्षमता असलेल्या आणि सोबत्याशिवाय जाऊ न शकणाऱ्या व्यक्तीला व तिच्या एका सोबत्याला स्लीपरमध्ये ७५ टक्के सवलत मिळते. दाखल्यावर फक्त ऑटिझम लिहिले असेल तर तिकिटाआधी आरक्षण खिडकीवर विचारा.

वस्तीने काय करावे?

टक लावून पाहू नये, बाहेरची बाधा म्हणू नये. पोहोचल्यावर घरातल्यांनी पाळी लावावी: एकाने लेकराजवळ बसावे, दुसऱ्याने वंदना करून यावे. पहिली पाळी आईला द्यावी. इतकी वर्षे तीच मागे राहिली आहे.