ज्युनियरचा दुसरा गोल

५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरच्या कंठीरव क्रीडांगणावर फेडरेशन चषकाचा अंतिम सामना चालू होता. कलकत्त्याच्या मोहन बागानविरुद्ध गोव्याचा डेम्पो संघ एका गोलाने पुढे होता, आणि तो गोल क्रिस्तियानो ज्युनियर या ब्राझिली खेळाडूचा होता. सामना संपायला दहा-बारा मिनिटे उरली असताना चेंडू पुन्हा त्याच्याकडे आला. बागानचा गोलरक्षक पुढे सरसावला. चेंडू जाळ्यात गेला आणि त्याच क्षणी दोघांची टक्कर झाली. ज्युनियर कोसळला, तो पुन्हा उठला नाही. रुग्णालयात त्याला मृत घोषित करण्यात आले. डेम्पोने सामना २-० असा जिंकला आणि तो चषक त्या क्लबच्या हाती प्रथमच आला.

भारतातील त्याची कारकीर्द किती लहान, याचे आज आश्चर्य वाटते. २००३-०४ च्या मोसमात तो ईस्ट बंगालकडून खेळला, राष्ट्रीय लीगमध्ये त्याने १५ गोल केले, त्या मोसमात इतके गोल दुसऱ्या कोणाचेच नव्हते, आणि ईस्ट बंगालने लीग जिंकली. पुढच्याच मोसमात डेम्पोने त्याला गोव्यात आणले. ब्राझीलहून येणाऱ्याला गोवा अगदीच परका वाटू नये; तिथल्या वडीलधाऱ्या पिढीत पोर्तुगीज समजणारी माणसे अजून भेटतात. पण त्या सुखाला त्याच्या वाट्याचे महिने फारच थोडे होते.

ब्राझीलमध्ये फुटबॉलपटू पिकतात असे म्हणतात. त्यांतले मोजके युरोपच्या श्रीमंत क्लबांत जातात आणि त्यांचीच नावे आपल्यापर्यंत येतात. बाकीचे शेकडो जण जपान, मलेशिया, आखाती देश आणि भारत अशा ठिकाणी पोट भरण्यासाठी पांगतात. आपल्याकडे ही वहिवाट नवी नाही. १९८० साली इराणचा माजिद बिस्कर ईस्ट बंगालकडे आला, त्याच दशकात नायजेरियाचा चिमा ओकोरी कलकत्त्यात आला, आणि परदेशी गोलवीराशिवाय मोठा क्लब उभाच राहू शकत नाही अशी समजूत पुढे रूढ झाली. त्यामुळे देशी आघाडीपटूंची वाढ खुंटली, ही तक्रार जुनी आहे आणि ती खोटी नाही. मात्र तिची दुसरी बाजू क्वचितच बोलली जाते. या पाहुण्याचा करार बहुधा एकेका मोसमाचा असतो. बचावपटू चुकला तर संघ चुकतो; गोल झाले नाहीत तर पाहुणा चुकतो, आणि मग त्याला परतीचे तिकीट मिळते.

सगळ्यांचेच असे होत नाही. पोर्तो अलेग्रेचा होझे रामिरेझ बारेटो १९९९ मध्ये मोहन बागानकडे आला. मध्यंतरी तो मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडून खेळला, मलेशियातही जाऊन आला, आणि पुन्हा बागानमध्ये परतून २०१२ पर्यंत खेळत राहिला. कलकत्त्याने त्याला आपलाच मानले. खेळ थांबल्यावर नवी मुंबईच्या एका अकादमीत तो मुलांना शिकवू लागला. ज्युनियरला दहा वर्षे मिळाली असती तर कदाचित त्याचेही असेच काही झाले असते.

त्याच्या मृत्यूनंतर जो गदारोळ उठला, त्यात लोकांना प्रथम हवा होता तो अपराधी. तो मिळालाही. गोलरक्षक सुब्रत पॉल तेव्हा अवघ्या सतरा वर्षांचा होता. त्याच्यावर दोन महिन्यांची बंदी आली. हाच मुलगा पुढे भारताचा गोलरक्षक झाला आणि २०१६ मध्ये अर्जुन पुरस्काराचा मानकरी ठरला. पण ती टक्कर कोणाच्या चुकीने झाली, या एका प्रश्नाभोवती चर्चा फिरत राहिली, आणि मैदानावर तातडीने उपचार करणारे कोण होते, हा प्रश्न मागे पडला.

वास्तविक तो काळ सावध करणाराच होता. जून २००३ मध्ये कॅमेरूनचा फोए ल्योंच्या मैदानावर कोसळला. जानेवारी २००४ मध्ये बेन्फिकाचा फेहेर पोर्तुगालमध्ये गेला. ज्युनियरच्या मृत्यूच्या जेमतेम सहा आठवडे आधी, खुद्द त्याच्या ब्राझीलमध्ये, साओ पावलोच्या मैदानावर सर्जिन्यो हा खेळाडू मरण पावला. त्याच्या हृदयातला दोष तपासणीत आधी दिसला होता, तरीही तो खेळत होता. तेव्हा ही आपत्ती गरीब क्लबांची किंवा मागास देशांचीच आहे असे नव्हे. फरक पडतो तो पुढच्या काही मिनिटांत. बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देण्यास जितका उशीर, तितकी वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते.

हा फरक २०१२ च्या मार्चमध्ये एकाच आठवड्यात दिसला. १७ मार्चला लंडनमध्ये बोल्टनचा फॅब्रिस मुआम्बा मैदानात पडला. त्याचे हृदय ७८ मिनिटे नीट चालत नव्हते. पण मैदानावरच उपचार सुरू झाले आणि तो वाचला. २१ मार्चला बंगळूरमध्ये, म्हणजे ज्युनियर गेला त्याच शहरात, बंगलोर मार्स संघाचा वेंकटेश स्थानिक लीगच्या सामन्यात कोसळला. रुग्णवाहिका नव्हती. त्याला रिक्षातून रुग्णालयात नेले आणि तो गेला. सव्वासात वर्षांत त्या शहराने काय शिकून घेतले होते, असे विचारावेसे वाटते. पण हा प्रश्न बंगळूरला एकट्याला विचारणे न्यायाचे नाही.

सुधागड तालुक्यातल्या पालीचेच पाहा. रायगड जिल्हा कबड्डीचा. सरसगडाच्या पायथ्याच्या या गावात आणि आसपासच्या वाड्यांत फुटबॉल कमी, कबड्डी आणि क्रिकेट अधिक; पण छातीवर बसणारा गुडघा किंवा चेंडू खेळाचे नाव विचारत नाही. स्पर्धेच्या पत्रिकेत प्रमुख पाहुणे असतात, चषकाचे देणगीदार असतात, ध्वनिक्षेपकाची व्यवस्था असते. प्रथमोपचार कोण करणार, याची ओळ सहसा नसते. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते, ही मोठीच सोय झाली. तरी जिल्हा रुग्णालय पडले अलिबागला, आणि घाटाच्या व खाडीच्या मुलखात गाडी पाच मिनिटांत पोचेल असे कोणी सांगू शकत नाही. त्या पाच मिनिटांत मैदानावर जे असतील त्यांचेच हात उपयोगी पडतात. छातीच्या मध्यावर दोन्ही तळवे ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे दोन इंच खोल दाब देत राहणे, एवढेच ते काम. क्रीडाशिक्षकाला ते एका दुपारी शिकता येते आणि नववी-दहावीच्या मुलांनाही.

ज्युनियर गेल्यानंतर डेम्पोने त्याची १० क्रमांकाची जर्सी निवृत्त केली. २००५ मध्ये त्या संघाने प्रथमच राष्ट्रीय लीग जिंकली, तेव्हा विजयी खेळाडूंत तो नव्हता. फेडरेशन चषकाच्या नोंदीत मात्र अंतिम सामन्यातील दोन्ही गोलांपुढे त्याचेच नाव आहे. त्यांतला दुसरा मोजला गेला की नाही, हे त्याला कळले नसावे.